घरच्या संगणकास मेमरी अपुरी पडते तेव्हा

बागायती पट्ट्यातील पुष्कळ घरी आता संगणक आला आहे. सातबाऱ्याचा उतारा काढणे, महाडीबीटीवर अर्ज भरणे, मजुरीचा व फवारणीचा हिशेब ठेवणे, मुलांचा अभ्यास अशी नाना कामे त्यावर होतात. परंतु खरेदीनंतर दोनतीन वर्षांतच यंत्र रेंगाळू लागते, पडद्यावर मेमरी कमी असल्याची सूचना येते आणि हातचे काम मध्येच बंद पडते. अशा वेळी नवा संगणक घ्यावा, असा सल्ला चहूकडून मिळतो. तो दर वेळी बरोबर असतोच असे नाही.

गेल्या हंगामात निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांकडे जाण्याचा प्रसंग आला. बाग निर्यातीसाठी नोंदविलेली होती. कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या तारखेस फवारले आणि काढणीस किती दिवस उरले, या नोंदी त्यांची कन्या एक्सेलमध्ये ठेवीत असे. तपासणीच्या आदल्या रात्री तिने तीन आठवड्यांच्या नोंदी एका बैठकीत भरावयास घेतल्या. रात्री अकराच्या सुमारास मेमरी अपुरी असल्याची सूचना आली आणि एक्सेल बंद पडले. भरलेले जतन केले नव्हते, ते सर्व गेले. कच्ची वही घरात होती म्हणून निभावले. मी पोहोचलो तेव्हा नव्या संगणकाचे दरपत्रक टेबलावर होते. बागायतदार म्हणाले, "साहेब, माल गेला की घेऊन टाकू म्हणतो. पण आधी तुम्ही एकदा नजर टाका."

मेमरी म्हणजे नेमके काय

येथे प्रथम एक घोटाळा दूर करावयास हवा. मेमरी हा शब्द आपण दोन निरनिराळ्या वस्तूंना लावतो. हार्ड डिस्क किंवा एसएसडी हे कोठार होय. वीज गेली तरी तेथील साठा राहतो. रॅम हे खळे होय. ज्या मालावर काम चालू आहे तेवढाच तेथे येतो आणि वीज जाताच खळे रिकामे होते. कन्येने दुकानदाराच्या सांगण्यावरून लग्नाची छायाचित्रे पुसून टाकली होती. त्यामुळे कोठारात जागा झाली, खळे होते तेवढेच राहिले. सबब रॅम अपुरी असताना छायाचित्रे पुसण्याने विशेष लाभ होत नाही.

तथापि दोहोंचा संबंध आहे. खळे भरले म्हणजे विंडोज काही माल उचलून डिस्कवरील एका राखीव फाइलीत नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. तिला पेजिंग फाइल म्हणतात. डिस्क रॅमहून कितीतरी मंद असल्याने या ने-आणीत संगणक रेंगाळतो. डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची असेल तर फारच. आणि डिस्कही भरली असेल तर ही फाइल वाढू शकत नाही व कार्यक्रम कोसळतात. यास्तव डिस्कवर १५-२० जीबी जागा मोकळी असू द्यावी. सेटिंग्जमधील सिस्टिम व त्यातील स्टोरेज या पानावर तात्पुरत्या फाइली काढून टाकण्याची सोय आहे. मात्र त्या यादीत डाउनलोड्स असे लिहिलेले दिसल्यास त्यापुढील खूण काढावी. अर्जांच्या पोचपावत्या बहुधा त्याच फोल्डरमध्ये असतात.

पेजिंग फाइल बंद केल्याने संगणक वेगवान होतो, असा सल्ला अनेक जण देतात. कृषी महाविद्यालयात असताना मीही तो ऐकला होता. प्रकल्प अहवाल सादर करण्याच्या आठवड्यात चाळीस पानांचे टंकलेखन त्यापायी गमावले. ती फाइल विंडोजच्या स्वाधीनच राहू द्यावी.

रोग ओळखणे

पिकावर फवारणी करण्यापूर्वी कीड कोणती ते आपण पाहतो. येथेही तसेच करावे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील मेमरी या शीर्षकावर टिचकी दिली की सर्वांत जास्त मेमरी खाणारा कार्यक्रम वर येतो आणि एकूण किती टक्के वापर चालू आहे तेही दिसते. नेहमीच्या कामात हा आकडा ८० टक्क्यांच्या आत असल्यास काळजीचे कारण नाही. ९० च्या पुढे सतत राहत असेल तर रॅम खरोखर अपुरी पडत आहे. आकडा कमी असूनही यंत्र मंद असेल तर दोष डिस्कमध्ये किंवा अन्यत्र शोधावा.

या घरच्या संगणकात रॅम ४ जीबी होती आणि आकडा ९३ टक्के होता. ब्राऊझरमध्ये सव्वीस टॅब उघडे होते. मुलीचा अभ्यास, बाजारभाव, हवामान, मागे भरलेला अर्ज, काहीच बंद केलेले नव्हते. प्रत्येक उघडा टॅब रॅममध्ये जागा अडवतो. त्याखेरीज विषाणुरोधक कार्यक्रम दोन होते. विंडोजमध्ये डिफेंडर मुळातच असतो. दुसरा घेतल्यास एकच ठेवावा, दोन पहारेकरी एकमेकांवरच नजर ठेवीत बसतात. टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअप या विभागात अकरा कार्यक्रम होते. संगणक सुरू होताच ते न सांगता सुरू होत. ज्याचे नाव ओळखीचे आहे व जो सुरुवातीपासून नको आहे, त्यावर उजवी टिचकी देऊन डिसेबल करावे. तो काढला जात नाही. हवा तेव्हा उघडता येतो. नाव अनोळखी असल्यास हात लावू नये.

मुख्य दोषी मात्र एक्सेलची फाइलच निघाली. प्रत्येक औषधाच्या बाटलीवरील लेबलाचे छायाचित्र मोबाइलवरून घेऊन जसेच्या तसे नोंदीशेजारी चिकटवलेले होते. हेतू उत्तम, किंबहुना अनुकरणीय. परंतु १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू. फाइल म्हणून ते दाबून ठेवलेले असते, त्यामुळे ४ एमबीत मावते. पडद्यावर उलगडताना प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरले तर एकाच छायाचित्रास सुमारे ४८ एमबी रॅम लागते. चाळीस छायाचित्रांचा हिशेब वाचकांनीच करावा. आम्ही छायाचित्रे निराळ्या फोल्डरमध्ये ठेवली, प्रत्येकास फवारणीची तारीख हे नाव दिले आणि वहीत केवळ ते नाव लिहिले. जी वहीतच ठेवणे आवश्यक होते त्यांस एक्सेलमधील कॉम्प्रेस पिक्चर्स ही आज्ञा दिली.

आणखी एक बाब. वहीतील संपूर्ण स्तंभ वरपासून खालपर्यंत रंगवलेले होते. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी असतात. आपल्या नोंदी तीनशे ओळींच्या असतील तर रंग व चौकटी तेवढ्याच ओळींना द्याव्यात. कंट्रोल व एंड या कळा दाबल्यावर खूण नोंदींच्या पुष्कळ खाली जाऊन थांबली तर मधल्या रिकाम्या ओळी निवडून काढून टाकाव्यात व फाइल जतन करावी.

एवढे झाल्यावर संगणक रीस्टार्ट केला. शट डाउन नव्हे, रीस्टार्ट. विंडोज १० व ११ मध्ये फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असल्यास शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो व पुढील वेळी तोच परत येतो. त्यामुळे एखाद्या बिघडलेल्या ड्रायव्हरने अडवलेली मेमरी सुटत नाही. रीस्टार्टने सर्व नव्याने सुरू होते. आठवड्यातून एकदा ते करावे. या संगणकाचा आकडा सर्व कामे उघडल्यावर ७० टक्क्यांच्या आसपास स्थिरावला.

मेमरी साफ करून वेग वाढविण्याचे आमिष दाखवणारे फुकट कार्यक्रम महाजालावर पुष्कळ मिळतात. ते घेऊ नयेत. पुष्कळसे कार्यक्रम चालू कामाचा माल बळेच डिस्कवर ढकलतात, आकडा घटलेला दिसतो आणि पुढच्या क्षणी तोच माल परत आणावा लागतो. शिवाय तो कार्यक्रम स्वतः रॅममध्ये जागा घेतोच.

रॅम वाढवावयाची असल्यास

हे सर्व करूनही आकडा वरच राहिला तर रॅम वाढवणे इष्ट. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी रॅम सांगितली आहे, परंतु तेवढीवर ब्राऊझर व एक्सेल एकत्र चालविणे जिकिरीचे होते. घरगुती कामास ८ जीबी पुरेशी व्हावी. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात मेमरी निवडल्यास एकूण खाचा किती व भरलेल्या किती ते दिसते. लॅपटॉपमध्ये काही वेळा रॅम पाटीवर डाख देऊन बसवलेली असते. तेथे वाढ करता येत नाही, म्हणून आगाऊ पैसे देण्यापूर्वी खात्री करावी. डीडीआर३ व डीडीआर४ या जातींच्या पट्ट्यांचे खाचे निराळे असून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जुनी पट्टी सोबत नेणे सर्वांत चांगले. तसेच विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम घरगुती आवृत्तीस वापरता येत नाही. सेटिंग्जमधील अबाउट या पानावर ते पाहून घ्यावे. सन २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमचे दर चढले आहेत, त्यामुळे दोनतीन ठिकाणी भाव विचारावा.

विंडोज १० ला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे थांबविले. जो जुना संगणक विंडोज ११ घेत नाही त्यावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली बसविता येते. तीत मराठी टंकलेखनही होते. पण घरातील कोणी तरी ती शिकण्यास तयार असावे, नाहीतर यंत्र कापडाखाली झाकून पडते.

बागायतदारांनी नवा संगणक घेतला नाही. ४ जीबीची आणखी एक पट्टी व छोटा यूपीएस मात्र घेतला, कारण भारनियमनाच्या वेळी खळे कसे रिकामे होते ते त्यांस पटले होते. कन्येने एक्सेलच्या सेव्ह या विभागात दर दहा मिनिटांची स्वयं-जतन नोंद दोन मिनिटांवर आणली. कच्ची वही मात्र तिने अद्याप चालूच ठेवली आहे.