वणव्यापासून वाडीचे रक्षण

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर व कोकणपट्टीत कार्तिक सरला की डोंगरउतारांवरील गवत वाळू लागते, आणि माघ-फाल्गुनात त्यावर ठिणगी पडण्याचाच काय तो अवकाश असतो. एका दुपारच्या वणव्यात वर्षाची वैरण, आंबा-काजूची कलमे, गोठा व प्रसंगी राहते घरही जाते. म्हणून ह्या संकटाचा विचार आगीच्या आधीच झाला पाहिजे.

महसूल खात्यात कारकुनी करीत असता अशा नुकसानीचे पंचनामे आम्ही पुष्कळ लिहिले. त्यांत 'कारण अज्ञात' हे शब्द बहुधा येत. वास्तविक वणव्याच्या दिवसांत आपल्याकडे आभाळ निरभ्र असते. वीज पडून आग लागणे क्वचितच. विडीचे थोटूक, बांध जाळताना सुटलेला विस्तव, मधाच्या पोळ्याखाली केलेला धूर, राब भाजताना झालेली हयगय, अथवा 'रान जाळले की गवत जोमाने फुटते' हा समज, ह्यांपैकीच एखादे कारण असते. जाळल्याने उतार उघडा पडतो आणि पहिल्या पावसात राखेबरोबर मातीही ओढ्यास मिळते, हे ध्यानात ठेवावे.

कित्येकांस वाटते की, वणव्याच्या प्रचंड ज्वाळांपुढे घर वाचणे दैवाधीन आहे. तसे नाही. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक जॅक कोहेन ह्यांनी कॅनडाच्या वायव्य भागातील जंगलात प्रत्यक्ष आगी लावून केलेल्या प्रयोगांत, आगीपासून 10 मीटरांवरील काही लाकडी भिंती पेटल्या. 20 मीटरांवरील पेटल्या नाहीत. पुष्कळ घरे जळतात ती वाऱ्याने उडून आलेल्या ठिणग्यांनी व अंगणापर्यंत पोचलेल्या पाचोळ्याच्या लहान आगीने. अर्थात घराचे रक्षण बव्हंशी घरधन्याच्याच हाती आहे.

ह्यास्तव पुढील कामे पौष संपण्यापूर्वी उरकावीत. घराच्या भिंतीलगत 5 फुटांत वाळलेला पाला, सरपण, गोवऱ्या काही ठेवू नये. त्यापुढे 30 फुटांपर्यंत गवत कापून केर झाडून काढावा. कौलांच्या सांध्यांत व पन्हळीत साचलेली पाने काढावीत. ठिणगी तेथेच अडकते. पेंढ्याची उडवी अथवा गंजी घर-गोठ्याला चिकटून कधीही रचू नये. साधेल तेवढी दूर, शक्य तर 100 फुटांवर रचावी व तिच्याभोवती जमीन खरवडून घ्यावी. सर्व पेंढा एकाच उडवीत न घालता दोन ठिकाणी ठेवल्यास एक तरी वाचते. गवती छपराच्या झोपडीस अंतराचा भरवसा पुरत नाही; तेथे पाण्याची पिंपे भरलेली असावीत.

आग चढावर वेगाने धावते. चढ 10 अंशांनी वाढला की तिचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातील अग्निशास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. तेव्हा घर उतारावर असेल तर खालच्या अंगाची साफसफाई अधिक लांबवर करावी.

परंतु एकट्या घराची दक्षता पुरेशी नाही. वाडी व रान ह्यांच्यामध्ये दहा-पंधरा फूट रुंदीची जाळरेषा सर्वांनी मिळून काढावी. गवत जाळून काढावयाचे असल्यास वनखात्यास विचारून, वारा पडलेला असताना, पाणी व माणसे हाताशी ठेवून जाळावे. एरवी कापून खरवडणेच बरे. आग विझविणाराने तिच्या वरच्या चढावर उभे राहू नये. जळून गेलेल्या जमिनीकडून कडेने हिरव्या फांद्यांनी झोडपीत जावे. औषधफवारणीचा पाठीवरचा पंप स्वच्छ धुऊन पाण्याने भरून ठेवल्यास मोठा उपयोग होतो. आग दिसताच महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 ह्या क्रमांकावर कळवावे.

1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे राखीव वनात आग लावणे हा अपराध आहे. आणि कलम 79 प्रमाणे जो हक्काने वा परवानगीने अशा रानात गुरे चारतो अथवा लाकूडफाटा आणतो, त्याने आगीची खबर देणे व ती विझविण्यास झटणे बंधनकारक आहे. रानाचा उपभोग आणि रानाची राखण ही एकाच हक्काची दोन अंगे होत.

शेतकरी बंधूंनी आपापल्या ग्रामसभेत हा विषय मार्गशीर्षातच घ्यावा, जाळरेषेचा दिवस ठरवावा आणि घरटी एक माणूस द्यावा. आग लागल्यावर पंचनामा होतो, पण गेलेली उडवी परत येत नाही. चार दिवसांच्या श्रमांत ती राखता येते.