पन्नाशीनंतरचा डाव : समुद्रकाठच्या गोल्फविषयी

वार्षिकांकात खेळावर लेख म्हटला की कबड्डी, खो-खो नाहीतर क्रिकेट हे ठरलेलेच. गोल्फ हा साहेबी आणि पैसेवाल्यांचा खेळ, अशी आपली समजूत आहे आणि ती अगदीच खोटी नाही. त्यामुळे समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कळमेश्वरच्या एका विद्यार्थ्याने समुद्रकाठच्या गोल्फवर लिहावे याचे काही वाचकांना हसू येईल. पण या खेळाकडे मी वळलो तो एका प्रश्नामुळे. वय वाढले की खेळाडूचे काय होते? आपल्याकडे पन्नाशीचा पहिलवान आखाड्यात उतरत नाही, तो वस्ताद होऊन काठावर बसतो. कबड्डीपटू तर तिशीतच मागे पडतो. मग ज्यात पन्नाशी उलटल्याशिवाय प्रवेशच मिळत नाही, अशी जागतिक दर्जाची स्पर्धा कशी काय चालते?

अशी स्पर्धा म्हणजे ब्रिटनमधील 'सीनियर ओपन'. मूळची 'ओपन' स्पर्धा १८६० साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे सुरू झाली. वयस्कर खेळाडूंसाठी तिचे हे धाकटे भावंड १९८७ मध्ये टर्नबेरी येथे जन्मले आणि पहिले विजेतेपद इंग्लंडच्या नील कोल्सला मिळाले. पुढे २००३ पासून ज्येष्ठांच्या पाच प्रमुख स्पर्धांत तिची गणना होऊ लागली. चार दिवस, रोज अठरा होल, म्हणजे एकंदर बहात्तर होल खेळायचे. ज्याने सर्वांत कमी फटक्यांत चेंडू सगळ्या होलमध्ये घातला, तो विजेता. प्रत्येक होलसाठी चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत याचे एक प्रमाण ठरलेले असते, त्याला 'पार' म्हणतात. पारपेक्षा किती कमी किंवा किती जास्त, यावर सारा हिशेब चालतो.

'लिंक्स' म्हणजे काय?

ही स्पर्धा अधूनमधून समुद्रापासून दूरच्या मैदानांवरही होते. पण तिचे खरे घर म्हणजे किनाऱ्यावरची 'लिंक्स' मैदाने. लिंक्स हा जुन्या इंग्रजीतला शब्द, अर्थ उंचवटा. समुद्र आणि नांगरटीची शेतजमीन यांच्या मधला वाळूचा पट्टा म्हणजे लिंक्स. आपल्या भागातल्या भाषेत सांगायचे तर ती समुद्राकाठची बरड. पीक येत नाही म्हणून शेतकऱ्याने सोडून दिलेली, मेंढ्या चारायला आणि सशांना बिळे करायला मोकळी राहिलेली. वाऱ्याने वाळूचे ढीग रचले, त्यांवर बारीक पात्याचे चिवट गवत उगवले, मेंढ्यांनी आणि सशांनी ते खुरटे ठेवले. झाड जवळजवळ नाही. पहिली मैदाने कुणी आखून बांधली नाहीत. होती त्या जमिनीवरच लोक खेळू लागले. १७४४ मध्ये एडिंबरोजवळच्या लीथच्या किनारी मैदानावर खेळणाऱ्या मंडळींनी तेरा नियम लिहून काढले. सेंट अँड्र्यूज येथे पूर्वी बावीस होल खेळत असत, १७६४ मध्ये ते अठरा झाले आणि तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला.

या जमिनीचा मुख्य गुण म्हणजे निचरा. आपली काळी जमीन पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर चेंडू एक तर रुतेल, नाहीतर भेगेत जाईल. वाळू मात्र पाणी पिऊन टाकते. त्यामुळे लिंक्सचा पृष्ठभाग घट्ट राहतो आणि चेंडू पडल्यावर थांबत नाही, चढउतार पाहत दूरवर घरंगळत जातो. लहानपणी आपण कंचे खेळलो आहोत. कंचा गलीत घालायचा तर नुसता जोर उपयोगी पडत नाही, जमिनीचा उतार ओळखावा लागतो. लिंक्सवरचा गोल्फ पुष्कळसा त्याच जातीचा.

वारा आणि वय

दुसरी गोष्ट वाऱ्याची. जमिनीलगत घर्षणामुळे वाऱ्याचा वेग कमी असतो, जसजसे वर जावे तसतसा तो वाढतो. म्हणून आभाळात उंच गेलेला चेंडू वाऱ्याच्या स्वाधीन होतो आणि बुटका फटका आपल्या मार्गाने जातो. तरुण खेळाडूचे बळ असते उंच आणि लांब फटक्यात. मऊ, पाणी दिलेल्या मैदानावर असा चेंडू होलजवळ पडतो आणि तिथेच थांबतो, तेव्हा तेथे ताकदीचे राज्य चालते. लिंक्सवर मात्र चेंडू चाळीस पावले अलीकडे टाकून उताराने पुढे जाऊ देणे बहुधा शहाणपणाचे ठरते. खळ्यावर उपणणी करताना ताकद तरुणाची लागते, पण वारा केव्हा लागेल आणि सूप केव्हा उचलायचे हे घरचा म्हातारा सांगतो. तसाच काहीसा हा प्रकार आहे.

हवा किती फरक पाडते याचे उदाहरण वेल्समधील रॉयल पोर्थकॉल या मैदानाचे. २०१४ मध्ये जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरने तेथे पारपेक्षा अठरा फटके कमी घेतले आणि तब्बल तेरा फटक्यांच्या फरकाने सीनियर ओपन जिंकली. तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. त्याच मैदानावर २०२३ मध्ये वाऱ्यापावसाने असा कहर केला की अॅलेक्स चेका आणि पॅड्रेग हॅरिंग्टन हे दोघे सर्वांच्या पुढे राहिले तेच मुळी पारपेक्षा पाच फटके जास्त घेऊन. बरोबरी फोडण्यासाठी जादा होल खेळवावे लागले आणि चेका जिंकला. मैदान एकच, पण विजेत्याच्या हिशेबात तेवीस फटक्यांचे अंतर!

ज्येष्ठांनी ज्येष्ठांना हरवले यात काय विशेष, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर २००९ च्या मूळ 'ओपन'चे. टर्नबेरीच्या किनाऱ्यावर अमेरिकेचा टॉम वॉटसन जगातल्या उत्तमोत्तम तरुणांबरोबर खेळत होता. वय एकोणसाठ. आपल्याकडे राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त होतात, हे लक्षात घ्या. बहात्तरावा होल पारमध्ये पुरा केला असता तर तो जिंकला असता. त्याचा दुसरा फटका चांगलाच बसला होता, पण चेंडू ग्रीनवर थांबला नाही, घरंगळत मागे निघून गेला. एक फटका जास्त लागला, बरोबरी झाली आणि जादा होलांत स्टुअर्ट सिंकने त्याला हरवले. सर्वांत वयस्कर विजेत्याचा विक्रम १८६७ पासून टॉम मॉरिस या सेहेचाळीस वर्षांच्या गृहस्थाच्या नावावर आहे, तो मोडता मोडता राहिला. ज्या घट्ट जमिनीने वॉटसनला चार दिवस साथ दिली, तिनेच शेवटी दगा दिला. लिंक्स अनुभवाला संधी देते, हमी देत नाही.

दोन नावे

येथपर्यंत वाचून हा खेळ म्हातारपणाला फार न्याय देतो असे वाटेल. म्हणून १९६३ सालची दोन नावे सांगतो.

त्या वर्षीची ओपन इंग्लंडमधील रॉयल लिदमच्या किनारी मैदानावर झाली. न्यूझीलंडचा डावखुरा बॉब चार्ल्स जिंकला. त्याच स्पर्धेत बरोबरीने तेरावा आला तो दक्षिण आफ्रिकेतील दरबानचा, भारतीय वंशाचा सेवसंकर सेवगोलम. लोक त्याला 'पापवा' म्हणत. तो कॅडी होता, म्हणजे इतरांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा. त्याला शिक्षक कोण असणार? उजव्या हाताने खेळणारे सगळे उजवा हात खाली धरतात, हा डावा हात खाली धरी. आपल्या या पद्धतीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा डच ओपन जिंकली. १९६३ मध्येच त्याने आपल्या देशात नाताळ ओपन जिंकली. पण वर्णभेदाच्या नियमांमुळे गोऱ्यांच्या क्लबात त्याला पाऊल ठेवता येत नव्हते. विजेत्याला चषक दिला गेला तो बाहेर, पावसात. पुढे मोठ्या स्पर्धांत खेळण्याची परवानगीच त्याला नाकारण्यात आली.

बॉब चार्ल्सने १९९३ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, त्याच लिदमवर सीनियर ओपन जिंकली. बरोबर तीस वर्षांनी तोच किनारा, तोच वारा आणि तोच विजेता. पापवा १९७८ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच वारला होता. सीनियर ओपन तेव्हा जन्मलीही नव्हती. कुणाचे आयुष्य किती हे कुणाच्या हाती नसते. पण हातात कला असलेल्या माणसाची ऐन उमेदीची वर्षे हिरावून घेणे हे माणसांचेच काम होते. खेळात सन्मानाने म्हातारे व्हायचे तर आधी तरुणपणी खेळू दिले पाहिजे. वाळू आणि वारा पंक्तिभेद करीत नाहीत, तो क्लबाच्या दारात होतो.

आपल्याकडे

आपल्या देशातही हा खेळ साहेबाबरोबर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. येथेही पिशवी वाहणाऱ्यांतून खेळाडू निघाले. दिल्लीचा अली शेर हा पूर्वी कॅडी होता. इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू, साल १९९१. धावपटू मिल्खासिंग यांचा मुलगा जीव याने २०१२ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, कॅसल स्टुअर्ट या किनारी मैदानावर स्कॉटिश ओपन जिंकली. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळला. महाराष्ट्राला एवढा मोठा किनारा लाभूनही स्कॉटलंडसारखी लिंक्स मात्र आपल्याकडे नाहीत. थंड, दमट हवेत वाढणारे ते बारीक गवत आपल्या उन्हात आणि चार महिन्यांच्या मुसळधार पावसात टिकणे कठीण.

कळमेश्वरात गोल्फचे मैदान व्हावे अशी माझी मागणी नाही. आपल्याला कबड्डीचे मैदान नीट राखता आले तरी पुष्कळ झाले. पण त्या बरड किनाऱ्यापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत असे मला वाटते. एक म्हणजे, जोर ओसरला की माणूस संपतो ही आपली समजूत तपासून पाहावी. घट्ट जमीन आणि बोचरा वारा समोर आला की साठीच्या माणसाजवळही तरुणाला शिकवण्यासारखे पुष्कळ असते. दुसरी अधिक महत्त्वाची. पुढेमागे आपल्यापैकी कुणी खेळाडू होईल, कुणी शिक्षक, कुणी एखाद्या संस्थेचा चिटणीस. तेव्हा दारात कोण उभा आहे, पिशवी कुणाच्या खांद्यावर आहे, हे न पाहता त्याला एकदा खेळून पाहू द्यावे. तो किती चांगला आहे हे मैदान सांगेलच.