माळवदाच्या घराचे संगणकीय अंतर्दृश्य

कंधारचे नाव निघताच अभ्यासकाच्या मनात प्रथम येतो तो तेथील खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला. परंतु त्या परिसरातील सामान्य कुटुंबे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, त्या माळवदाच्या घरांची नोंद किल्ल्याच्या मानाने फारच थोडी झाली आहे. दगड व माती यांच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या आणि सर्वांवर मातीचा जाड थर, अशी या घराची सर्वसाधारण रचना असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात अशाच जड छपरांखाली आणि कच्च्या बांधणीच्या भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर या घरांविषयी भय निर्माण झाले, ते अकारण नव्हते. ही घरे पुन्हा तशीच बांधावीत असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच त्यांच्या अंतर्भागाची विश्वसनीय नोंद होणे अगत्याचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रकल्पासाठी संगणकावर असे अंतर्दृश्य कसे रचावे, याचा येथे विचार केला आहे.

पहिली पायरी मोजणीची. दोन खांबांमधील अंतर, म्हणजे खण, हे या घराचे स्वाभाविक माप होय. त्यामुळे खांबांची स्थाने प्रथम निश्चित करावीत. जुनी खोली क्वचितच काटकोनी असते. ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद खोलीचे दोन्ही कर्ण ५ मीटर भरले, तरच ती काटकोनात आहे असे मानावे. कर्णांत फरक आढळल्यास तो आराखड्यात तसाच उतरवावा. संगणकावर रेषा सरळ करणे सोपे असते आणि नेमका तेथेच पुरावा नष्ट होतो.

दुसरी पायरी भूमितीची. २००२ पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध असलेल्या ब्लेंडरसारख्या प्रणालीत प्रत्येक वस्तू लहान लहान बहुभुजांच्या पृष्ठांनी बनते. येथे नवशिक्याचा नेहमीचा प्रमाद असा की, तो भिंत म्हणजे केवळ एक पातळ पडदा समजतो. त्याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कंधारचा अक्षांश सुमारे १८.९ अंश उत्तर आहे. तेव्हा २२ डिसेंबर रोजी मध्यान्ही सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ४७.७ अंश उंचीवर असतो. दक्षिणाभिमुख खिडकीचा तळ जमिनीपासून ०.९ मीटर व माथा १.८ मीटर उंचीवर आहे असे समजू. भिंतीला जाडी नसेल, तर जमिनीवर पडणारा उन्हाचा पट्टा सुमारे ८२ सेंटिमीटर रुंद येईल. भिंत ६० सेंटिमीटर जाड असेल, तर वरचे किरण माथ्याच्या बाहेरील कडेने व खालचे किरण तळाच्या आतील कडेने अडतात, आणि तोच पट्टा जेमतेम २२ सेंटिमीटर उरतो. उलट २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेस कललेला असल्यामुळे या खिडकीतून थेट ऊन येतच नाही. माळवदाच्या घरातील उन्हाळ्यातील अंधूक गारवा हा असा भिंतीच्या जाडीशी आणि सूर्याच्या गतीशी निगडित आहे. तो चित्रकाराने मागाहून भरावयाचा रंग नव्हे.

तिसरी पायरी प्रकाशाची. थेट ऊन एवढे थोडे असेल, तर खोली दिसते ती मुख्यतः परावर्तित प्रकाशाने. खडबडीत पृष्ठ प्रकाश सर्व दिशांना विखुरते, याचा नियम लांबेर्टने १७६० साली मांडला. एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठावर जाणाऱ्या या विखुरलेल्या प्रकाशाची गणना कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९८४ साली संगणकीय चित्रणात आणली, आणि १९८६ साली काजिया याने सर्व प्रकारच्या परावर्तनांना सामावून घेणारे समीकरण दिले. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की, प्रत्येक पृष्ठाचे परावर्तनप्रमाण योग्य हवे. चुन्याने रंगविलेली भिंत बराच प्रकाश परत फेकते, शेणाने सारवलेली जमीन त्या मानाने अल्प, आणि धुराने काळवंडलेली तुळई त्याहूनही अल्प. तिन्हींना सारखेच मूल्य दिल्यास खोली उजळ दिसेल, पण ती त्या घराची राहणार नाही.

शेवटचा प्रश्न प्रामाण्याचा. पडलेल्या भिंतीची उंची, नाहीशा झालेल्या दाराचे स्थान, चुलीभोवतीची भांडी या गोष्टी बहुधा अनुमानानेच भराव्या लागतात. अनुमान वर्ज्य नाही, पण ते लपविणे वर्ज्य आहे. सांस्कृतिक वारशाच्या संगणकीय दर्शनासाठी २००६ साली प्रथम मांडलेल्या व २००९ साली सुधारलेल्या लंडन सनदेचा आग्रहही हाच आहे की, निर्णयामागील आधार नोंदवावा. यासाठी मोजलेले, तर्काने ठरविलेले आणि केवळ कल्पिलेले असे तीन वर्ग करून प्रतिकृतीची एक आवृत्ती या तीन रंगांत द्यावी. ती देखणी दिसणार नाही, परंतु पुढील अभ्यासकास उपयोगी पडेल ती तीच. मूळ घर उतरविले गेल्यावर तपासणीस दुसरे साधन उरत नाही. अशा वेळी चित्राच्या सौंदर्यापेक्षा त्यातील अनुमानाची कबुली अधिक मोलाची ठरते.