इंग्रजीच्या तासाला संकासूर

कुठलं पुस्तक अभ्यासक्रमात येतं आणि कुठलं बाहेर राहतं, यामागे मोठा वाङ्मयविचार असतो अशी बाहेरच्यांची समजूत असते. विचार असतो, नाही असं नाही. पण बैठकीत पहिला प्रश्न येतो तो, पानं किती? दुसरा, स्वस्त आवृत्ती मिळते का? तिसरा कोणी मोठ्याने विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो: बाजारात गाइड आहे का? चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) जगभरच्या वर्गांत गेली ती तिच्या थोरवीमुळेच. पण ती दोनशेच्या आसपास पानांत आटोपते, हेही तिच्या पथ्यावर पडलं. उलट अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’मध्ये (२०००) आमची रत्नागिरी साक्षात आहे, तरी पाचशेहून जास्त पानांचं ते धूड एका सत्रात बसवायचं कसं? रत्नागिरीवाल्याने आपल्याच गावाची शिफारस करावी आणि बाकीच्यांनी पुस्तक हातात तोलून मान हलवावी, असा प्रकार.

मुंबई विद्यापीठाची हद्द डहाणूपासून दोडामार्गापर्यंत. चर्चगेटच्या मुलीला जो पेपर, तोच लांज्याच्या मुलाला. कलिन्याच्या बैठकीला जायचं तर रात्रीची कोकणकन्या पकडायची, पहाटे दादरला उतरायचं, कोणाच्या तरी घरी आंघोळ उरकायची आणि डोळे चोळत आफ्रिकी कादंबरीवर मत द्यायचं. मत ऐकून घेतात. मग चहा येतो.

आमच्याकडे बी.ए.ला इंग्रजी घेणारे सगळेच काही इंग्रजीच्या प्रेमात नसतात. कोणाला बी.एड. करून शाळेत लागायचं असतं, कोणाला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास होईपर्यंत कुठेतरी नाव हवं असतं, आणि एखादीला घरून सांगितलेलं असतं, इंग्रजी घे, स्थळं बरी येतात. सकाळच्या एस.टी.ने पाली, जाकादेवी, संगमेश्वर, जयगडकडून ही मंडळी येतात. गाडी चुकली की पहिला तास गेला. त्यांच्यासमोर शेक्सपिअर आणि हार्डी ठेवले तर ती मुकाट्याने उतरवून घेतात. तक्रार नाही आणि उत्साहही नाही.

इंग्रजी विभागात जग आणावं ही कल्पना काही आमची नव्हे. नैरोबी विद्यापीठात १९६८ साली न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तर इंग्रजी विभागच बंद करा, आफ्रिका मध्यभागी ठेवा आणि बाकीचं तिच्याभोवती मांडा, असं टिपण लिहिलं होतं. आपल्याकडे म्हैसूरला सी. डी. नरसिंहय्या यांनी राष्ट्रकुलातलं साहित्य वर्गात आणलं. मग अनेक ठिकाणी ‘कॉमनवेल्थ लिटरेचर’ नावाचा पेपर सुरू झाला. त्या नावावर घोष इतके वैतागले की २००१ साली त्यांनी ‘द ग्लास पॅलेस’ राष्ट्रकुल पुरस्काराच्या स्पर्धेतूनच मागे घेतली. आम्ही मात्र मुलांना ‘राष्ट्रकुल म्हणजे काय’ यावर पाच गुणांचं टिपण लिहायला लावत होतो.

किश्शांतला सगळ्यात गमतीचा २०१० सालचा. रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही १९९१ची, बुकरच्या अंतिम यादीत गेलेली कादंबरी. शिवसेनेविषयीच्या त्यातल्या मजकुरावर आक्षेप आला आणि विद्यापीठाने ती अभ्यासक्रमातून काढली. मुंबईत निषेधसभा झाल्या, अग्रलेख झाले. आमच्या ग्रंथालयात तिची प्रत तोवर नव्या नवरीसारखी कोरी बसून होती. काढल्याची बातमी पेपरात आली आणि दोन दिवसांत तिला नंबर लागले. इंग्रजीचं सोडा, कॉमर्सची पोरंही मागायला आली. ग्रंथपाल मला म्हणाले, “सर, अजून एकदोन पुस्तकं काढायला सांगा की!” पोरं शोधत होती शिव्या. हाती लागला गुस्ताद नोबल नावाचा बँकेतला पारशी कारकून आणि त्याची घरखर्चाची काळजी. अर्ध्या जणांनी पुस्तक आठवड्यात परत केलं. उरलेल्यांपैकी एकाने मात्र मुद्दाम येऊन सांगितलं, सर, आमच्या वडिलांचं असंच असतं.

‘थिंग्ज फॉल अपार्ट’ मी आधी फार पढिकपणे शिकवत असे. वसाहतवाद, परंपरा, अस्मिता, फळ्यावर तीन खाने. इग्बो लोकांच्या न्यायसभेचा प्रसंग आला. नऊ मुखवटेधारी ‘एग्वुग्वु’ येतात. ते गावाचे पूर्वज. आरडाओरडा, धूर, बायाबापड्या लांब. ते बसून नवराबायकोच्या भांडणाचा निवाडा करतात. मी ‘आफ्रिकी विधिनाट्य’ असं काहीसं लिहायला खडू उचलला, तेवढ्यात मागच्या बाकावरून गुहागरकडचा एक मुलगा बोलला, “सर, ह्यो तर आमचा संकासूर!”

वर्ग हसला. मी त्यालाच पुढे बोलावलं. एरवी इंग्रजीत तोंड न उघडणारा तो मुलगा पाऊण तास बोलला, निम्मं संगमेश्वरीत आणि निम्मं इंग्रजीत. शिमग्यात खेळे निघतात, त्यात काळा झगा, उंच टोकदार टोपी, तोंडावर मुखवटा आणि कमरेला घुंगरं बांधून संकासूर येतो. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्यामागे धावतातही. मुखवट्याआड कोण आहे हे वाडीत सगळ्यांना ठाऊक असतं. चालीवरूनच कळतं. पण बोलायचं नाही. मी पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. अचेबेनेही नेमकं हेच लिहून ठेवलंय: एका एग्वुग्वुची उसळती चाल कादंबरीच्या नायकासारखी, ओकोंक्वोसारखी आहे, हे त्याच्या बायकांच्या लक्षात येतं, आणि त्या गप्प बसतात.

मग मी विचारलं, भर शिमग्यात संकासुराचा मुखवटा कोणी ओढून काढला तर? वर्गात एकदम कालवा झाला. “मारतील त्याला!” “गाऱ्हाणं घालावं लागेल देवाला.” “सर, असं कोणी करतच नाही.” कादंबरीत हेच घडतं. नव्याने ख्रिस्ती झालेला इनॉक भर गर्दीत एका एग्वुग्वुचा मुखवटा काढतो आणि तिथून गाव हातचं जातं. ते प्रकरण मला समजावून सांगावं लागलं नाही. डोंगरातल्या गुहेतलं दैवत आणि त्याची पुजारीण म्हणजे काय, हेही गावच्या देवळात कौल लावताना पाहिलेल्या मुलांनी परस्पर उरकलं. यॅम म्हणजे कणगर की कोनफळ, यावर मात्र तासानंतरही वाद चालू होता. त्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांत संकासूर शिरला. बाहेरच्या परीक्षकाचा फोन आला, “अहो, हा संकासूर कुठल्या प्रकरणात आहे?”

‘द ग्लास पॅलेस’ अभ्यासक्रमात आली नाही, तेव्हा तिचा रत्नागिरीचा भाग आम्ही जादा वाचन म्हणून घेतला, तोही थिबा पॅलेसच्या आवारात. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेच्या गादीवरून काढलं, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं आणि १९१६ मध्ये राजा गेला. हे पाठ्यपुस्तकी. मुलांना रस त्याच्या थोरल्या मुलीत. तिचं राजाच्या पदरच्या नोकराशी, गोपाळ सावंताशी जमलं, मुलगी झाली, तिला गाव टूटू म्हणायचं. राजाची नात रत्नागिरीतच गरिबीत राहिली आणि २००० साली वारली. कादंबरी छापून आली त्याच वर्षी.

शहरातल्या एका मुलीच्या आजीने टूटूला पाहिलेलं होतं. तिने घरून सगळी हकीकत आणली आणि कादंबरीशी ताडून पाहिली. कादंबरीतला सावंत आणि गावाच्या आठवणीतला सावंत काही जुळेनात. “सर, घोष चुकलेत,” तिने जाहीर केलं. कादंबरीकाराला ती मुभा असते, हे मी सांगून पाहिलं. तिला पटलं नाही. आजीचा शब्द तिला नामवंत लेखकापेक्षा वजनदार वाटला. वादासाठी एवढं चांगलं भांडवल मला कुठल्याच समीक्षाग्रंथात मिळालं नसतं, म्हणून त्यांचे दोन गट करून दिले आणि भांडू दिलं.

इथवर सगळं सुरळीत. नायजेरिया जमला, ब्रह्मदेश जमला. माया अँजेलूचं १९६९चं आत्मचरित्र वाचताना वर्णद्वेषाविरुद्ध वर्ग पेटून उठला. सुरेख निबंध लिहिले. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, हे सांगितल्यावर माना डोलल्या. आणि मग मी उर्मिला पवारांचं आत्मकथन घेतलं.

‘आयदान’ २००३चं. माया पंडित यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर, ‘द वीव्ह ऑफ माय लाइफ’, २००८ मध्ये आलं. सुरुवातच आमच्या पायाखालची: खेड्यातल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगर, घाट्या उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघाल्यात. बांबूच्या टोपल्या, सुपं विणून संसार ओढणारी आई. ती विणलेली भांडी सवर्णांच्या घरी पोचवणारी मुलगी. मला वाटलं होतं, आता वर्गाला आवरावं लागेल. झालं उलटंच. अँजेलूवर हिरिरीने बोललेली मुलं वह्यांत बघू लागली. कोणीतरी विचारलं, “सर, हे परीक्षेला आहे का?” बौद्धवाडीतून येणारी दोन मुलं होती, ती तर खिडकीबाहेर पाहत होती, सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय, असं त्यांना वाटत असणार. बघतही होताच.

दूरचं दुःख वर्गात आणणं सोपं असतं. त्यात कोणाचं आडनाव नसतं.

पुस्तक बाजूला ठेवलं. अमेरिकन साहित्याच्या पेपरात विल्यम फॉकनर होता. त्याने आपल्या काल्पनिक परगण्याचा नकाशा स्वतः काढून १९३६च्या कादंबरीला जोडला होता. तो दाखवला आणि म्हटलं, असाच तुमच्या गावाचा नकाशा काढून आणा. वाड्या, रस्ते, देऊळ, पाणी, शाळा. जातीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

नकाशे आले. कोकणातलं गाव वाड्यावाड्यांचं आणि वाड्यांची नावं सांगायची गरजच नाही: कुणबीवाडी, भंडारवाडा, तेलीवाडी, ब्राह्मणआळी, मोहल्ला. राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय २०२०च्या डिसेंबरात घेतला. काही ठिकाणी पाट्या बदलल्या असतील. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना जुनंच नाव येतं. सगळे कागद आम्ही भिंतीला चिकटवले. नकाशामागून नकाशा बघत पोरं पुढे सरकत होती. बौद्धवाडी प्रत्येकात कडेला: ओढ्यापलीकडे, नाहीतर उताराला, नाहीतर कागद संपतो तिथे. कोणी ठरवून काढलं नव्हतं. एक कुणबी मुलगा बराच वेळ स्वतःच्याच नकाशापुढे उभा होता. मग त्याने त्या दोघांपैकी एकाला विचारलं, “तुमच्याकडे पाणी कुठून येतं रे?” उत्तर सविस्तर आलं, नळाला पाणी किती वाजता सोडतात इथपासून, आजीच्या वेळची विहीर कोणती इथपर्यंत. पुढच्या तासाला ‘आयदान’ पुन्हा उघडलं, तेव्हा वाचायला हात वर झाले. सगळ्यांचे नाही. एक जण नंतरही माझ्याशी नीट बोलला नाही; गावाची बदनामी करायला लावली, असं त्याच्या घरी म्हणत होते म्हणे.

पुढे एक तपासणी समिती आली. त्यांना हे नकाशे फार आवडले, ‘अभिनव उपक्रम’ म्हणून फाइलला लावा म्हणाले, आणि गुणदानाचे निकष काय, ते विचारलं. निकष नव्हते. मी सगळ्यांना सरसकट सारखेच गुण देऊन मोकळा झालो होतो. त्यावर जयगडकडच्या मोहल्ल्यातली मुलगी स्टाफरूममध्ये येऊन भांडली. तिच्या नकाशात कागदाच्या डाव्या कडेला समुद्र, त्याहीपुढे एक बाण आणि ‘कुवेत, अब्बा’ असं लिहिलेलं होतं. पण तिचा मुद्दा वेगळा होता. गावातल्या विहिरी तिने सगळ्या फिरून मोजल्या होत्या, कुठल्या वाडीची कुठली ते प्रत्येकीपाशी लिहिलं होतं, आणि बाकीच्यांनी विहिरी अंदाजाने काढल्या होत्या. दोन गुण वाढवून घेऊन गेली.