ल्युकेमियाच्या रुग्णाला ताप आला तर सकाळची वाट पाहू नका

परभणी जिल्ह्यातले ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण केमोथेरपीसाठी छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात आणि दोन डोसांच्या मधल्या काळात जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडच्या आपल्या गावी परततात. ताप बऱ्याचदा याच दिवसांत येतो, विशेषतः केमोनंतर 7 ते 14 दिवसांनी. दिसायला तो साधाच असतो, पण रुग्ण काही तासांत अत्यवस्थ होऊ शकतो.

शरीरात शिरलेल्या जंतूंना सर्वांत आधी अडवतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. ल्युकेमियात अस्थिमज्जेत अपक्व पेशींची गर्दी होते आणि न्यूट्रोफिल तयार होईनासे होतात. केमोथेरपीने उरलेसुरलेही घटतात. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिलच. तेच नसतील तर गळू पिकत नाही, न्यूमोनिया असूनही छातीचा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो. अनेकदा ताप ही एकच खूण उरते.

हे गणित मांडले अमेरिकेतील डॉ. जेराल्ड बोडी यांनी. तीव्र ल्युकेमियाच्या 52 रुग्णांवरचा त्यांचा निबंध 1966 मध्ये प्रसिद्ध झाला (चार लेखकांत वाय. एस. साठे हे आपल्याला ओळखीचे वाटणारे आडनावही आहे). या पेशी 1,000 च्या खाली गेल्या की संसर्ग वाढतात, 100 च्या खाली सर्वाधिक होतात आणि जितके दिवस काउंट खाली, तितका धोका जास्त, असे त्यांना आढळले. तोवर डॉक्टर कल्चरच्या रिपोर्टची वाट पाहत आणि तो येईपर्यंत काही रुग्ण दगावत. 1971 मध्ये डॉ. शिम्फ आणि सहकाऱ्यांनी ताप येताच, जंतू कोणता हे कळण्याआधीच, दोन अँटिबायोटिक्स एकत्र सुरू करण्याचे परिणाम प्रसिद्ध केले. औषधे बदलली, पण तत्त्व आजही तेच आहे: रक्ताचे कल्चर घ्यायचे आणि रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून पहिला डोस द्यायचा.

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये नुसता टोटल काउंट पाहून निर्धास्त होऊ नका. त्याला न्यूट्रोफिलच्या (काही लॅब 'पॉलिमॉर्फ' लिहितात) टक्केवारीने गुणा. काउंट 2,000 आणि न्यूट्रोफिल 10 टक्के, म्हणजे फक्त 200. ल्युकेमियात काउंट 40,000 असूनही न्यूट्रोफिल 1 टक्का, म्हणजे 400 असू शकतात. 500 च्या खाली धोका गंभीर समजतात.

घरी थर्मामीटर हवाच. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. आधी पॅरासिटामॉल देऊन 'उतरतोय का' हे पाहत बसू नका. नंदीग्राम किंवा देवगिरी पकडून थेट मुंबई गाठू, हा विचार तर नकोच. पहिला डोस परभणीत किंवा नांदेडला, जवळ जिथे भरती करून घेतील तिथे मिळू द्या. उपचार करणाऱ्या रुग्णालयाला फोन लावा, पुढचा प्रवास मग ठरवा.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, 'ल्युकेमिया आहे, केमो अमुक तारखेला झाली,' आणि डिस्चार्ज कार्ड दाखवा. हे सांगितले नाही तर पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट पाहून डेंग्यूच समजला जाण्याची शक्यता असते. कमरेत सुई टोचून घेऊ नका. प्लेटलेट कमी असताना तिथे रक्त साकळते आणि संसर्गही होऊ शकतो. गुदद्वारातून ताप मोजणे, एनिमा, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके हेही टाळा. ल्युकेमियाच्या उपचारात स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबलेला राहतो. अशा वेळी हुडहुडी, ग्लानी किंवा लघवी कमी होणे हे तापाइतकेच गंभीर धरा. स्टेरॉइड मात्र स्वतःहून बंद करू नका.

मास्कबद्दल सगळे विचारतात, कडब्याबद्दल कोणी विचारत नाही. भिजलेला कडबा, शेणखत आणि बुरशी धरलेले धान्य यांतून ॲस्परजिलस बुरशीचे कण हवेत उडतात आणि न्यूट्रोफिल नसलेल्या फुफ्फुसात ती वाढू शकते. काउंट वर येईपर्यंत रुग्णाची खाट गोठ्यापासून आणि कणगीपासून दूर ठेवा.