रानभेंडीकडून उसनी घेतलेली ताकद

भेंडीचं पान पिवळं पडू लागतं ते शिरांपासून. हिरव्या पानावर पिवळी जाळी दिसते, मग फळंही पांढुरकी, राठ होतात. हा ‘यलो व्हेन मोझॅक’ विषाणू पांढरी माशी झाडोझाडी पोचवते. त्याची पहिली नोंद झाली 1924 मध्ये, जुन्या मुंबई इलाख्यातच.

दिल्लीत तयार झालेली ‘पुसा सावनी’ सुरुवातीला या रोगाला पुरून उरली, पुढे तीच बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या पैदासकारांनी भेंडीच्या रानटी भाऊबंदांकडे मोर्चा वळवला. पुसा सावनीचा एका रानटी प्रजातीशी संकर केला आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ‘परभणी क्रांती’ हा वाण काढला.

सांगायला सोपं, करायला किचकट. भेंडीचं फूल सकाळी उमलतं, म्हणून आदल्या संध्याकाळीच कळी अलगद चिरून पुंकेसर काढायचे, वर कागदी पिशवी चढवायची आणि सकाळी रानटी झाडाचे परागकण कुक्षीवर लावायचे. त्यातून उगवणारी रोपं बरीचशी वांझ. जी बी धरतात, त्यांचा पुन्हा लागवडीच्या भेंडीशी संकर करायचा, नाहीतर रोगाला दाद न देणारी पण खाण्याजोगी नसलेली भेंडी हाती येते!

चाचणीचं शेत तर मुद्दाम रोगट ठेवतात. नव्या वाणांच्या मध्ये रोगाला चटकन बळी पडणाऱ्या भेंडीच्या ओळी लावतात, कीटकनाशक फवारत नाहीत. शिवाय उत्पन्न, फळाचा रंग, लव आणि कोवळेपणा पाहतात. एवढं करूनही विषाणू बदलत राहतो; परभणी क्रांतीची ताकदही पुढे ओसरली.