दूरस्थ दूरचित्रवाणी-ग्रहणासाठीचे छतावरील मोठे अँटेना : रचना व कार्यतत्त्व

प्रास्ताविक :
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. १९८४ च्या सुमारास लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरेपर्यंत दूरच्या गावांतील हौशी कुटुंबे घरावर उंच लोखंडी नळी उभारून तीवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा भला मोठा सांगाडा चढवीत असत. एकाने वर नळी फिरवावी व दुसऱ्याने खालून ‘आलं, गेलं’ असे ओरडावे, हे दृश्य अनेक प्राध्यापकांच्या स्मरणात असेल. ‘अँटेना जेवढा मोठा, तेवढे लांबचे खेचतो’ ही तेव्हाची समजूत आजही पदवीच्या वर्गात भेटते. तिची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचना :
या अँटेनाची रुंदी अंतरावरून नव्हे, तर तरंगलांबीवरून ठरते. ६० मेगाहर्ट्झ वारंवारतेची तरंगलांबी ५ मीटर असल्याने अर्धतरंग द्विध्रुव सुमारे अडीच मीटरचा होतो. २०० मेगाहर्ट्झला तोच पाऊण मीटर पुरतो. द्विध्रुवामागे किंचित लांब परावर्तक व पुढे किंचित आखूड दिग्दर्शक दांड्या ठेवल्या, की त्यांत प्रेरित झालेले प्रवाह एका दिशेच्या लहरींना परस्परपूरक व विरुद्ध दिशेच्या लहरींना मारक ठरतात. हे तत्त्व जपानच्या तोहोकु विद्यापीठात १९२६ मध्ये शिंतारो उडा व हिदेत्सुगु यागी यांनी मांडले. १९२८ चा इंग्रजी लेख यागींच्या नावे प्रसिद्ध झाल्याने जगभर ‘यागी’ हेच नाव रूढ झाले. प्रयोगांचा मोठा भार उडांनी वाहिला होता. त्यामुळे निदान अध्यापनात तरी ‘यागी-उडा’ असाच उल्लेख व्हावा, असे वाटते.

दिग्दर्शक वाढविल्याने दिशिकता वाढते, पण वारंवारतेचा पट्टा अरुंद होतो. एका वाहिनीच्या आपल्या देशात ही अडचण जाणवली नाही. अमेरिकेत मात्र ५४ पासून २१६ मेगाहर्ट्झपर्यंत विखुरलेल्या अनेक वाहिन्या एकाच अँटेनाने घ्यावयाच्या होत्या. इलिनॉय विद्यापीठात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित झालेल्या लॉग-पिरिऑडिक रचनेने तो प्रश्न सोडविला. तीत दांड्यांची लांबी ठरावीक गुणोत्तराने घटत जाते आणि प्रत्येक वारंवारतेला तिच्या अर्धतरंगाजवळच्या दांड्याच काम करतात. (या रचनेच्या इसबेल पेटंटवरील वाद १९७१ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात गेला. एकदा अवैध ठरलेले पेटंट दुसऱ्या प्रतिवादीविरुद्ध पुन्हा वापरता येते काय, या प्रश्नावरील तो निर्णय विधी शाखेच्या सहकाऱ्यांना परिचित असेल.)

अंतर व उंची :
रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये ४.१२(√उ₁ + √उ₂) या सूत्राने मिळते. उ₁ व उ₂ या दोन्ही टोकांच्या मीटरमधील उंची होत. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटरचा धरला, तर १० मीटर उंचीच्या अँटेनासाठी हे अंतर सुमारे ८४ कि.मी. येते, २० मीटरसाठी ९० कि.मी. वाढ क्षुल्लक दिसते. परंतु सपाट प्रदेशात क्षितिजाजवळ अँटेनाची उंची दुप्पट केल्यास संकेत साधारणतः ६ डेसिबलने वाढतो, तर अँटेनाची लांबी दुप्पट करून जेमतेम ३ डेसिबल मिळतात. म्हणजे खरे काम सांगाड्यापेक्षा नळीने अधिक केले. सह्याद्रीचा डोंगर आड आला, की दोन्ही उपाय तोकडे पडत, हे निराळे.

बूस्टरविषयीही असाच गैरसमज होता. संचाशेजारी बसविलेला बूस्टर संकेताबरोबरच गोंगाटही वाढवितो आणि लांब वायरीत झालेला ऱ्हास त्याला भरून काढता येत नाही. तो नळीच्या माथ्यावर, अँटेनालगतच हवा.

सद्यःस्थिती :
अमेरिकेतील पूर्णशक्ती केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी थांबले. बहुतेक वाहिन्या यूएचएफ पट्ट्यात गेल्याने तेथे लांब दांड्यांची गरज उरली नाही. प्रसार भारतीनेही मार्च २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणे वगळता ॲनालॉग प्रक्षेपक बंद करण्याचे जाहीर केले. भंगारात निघालेला असा अँटेना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेस सहज मिळू शकतो. त्याच्या दुमडलेल्या द्विध्रुवाची लांबी मीटरमध्ये मोजून १४३ ला तिने भागावे : २.२ मीटरला ६५ मेगाहर्ट्झ, म्हणजे पहिला पट्टा, ८० सें.मी.ला सुमारे १७९, म्हणजे तिसरा पट्टा. त्या घरी कोणत्या पट्ट्यातील प्रक्षेपण पाहिले जात होते, हे दांडीच सांगते.